शिराज ग्रंथि व तींतील गोठलेलें रक्त : एका व्याधीच्या प्रतिबंधाचा इतिहास

१. जुन्या दप्तरांतून जे कागद संशोधकांच्या हातीं येतात, त्यांत सनदा, महजर, तहनामे व जमाखर्च यांच्याबरोबर वैद्यकाचीं बाडेंही असतात. सनदेची नक्कल त्याच दिवशीं उतरून घेतली जाते. वैद्यकाचें बाड मात्र पुन्हां रुमालांत बांधून ठेवलें जातें. रोगांचा इतिहास हा वैद्यांचा विषय, इतिहासकारांचा नव्हे, अशी समजूत याच्या मुळाशीं आहे. ही समजूत कितपत टिकते, तें एका अगदीं साध्या व्याधीच्या इतिहासावरून पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पायांवरील शिरा फुगून वेड्यावांकड्या होणें आणि त्यांत रक्ताची गुठळी पुनःपुन्हां होणें, ही ती व्याधि होय.

२. प्रथम व्याधीचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. पायांतील रक्त हृदयाकडे परत चढतें तें मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनानें. आणि चढलेलें रक्त खालीं घसरूं नये म्हणून शिरांत जागोजाग पडदे असतात. हे पडदे निकामी झाले म्हणजे रक्त शिरेंत तुंबतें, शीर फुगते व वळणें घेते. अशा शिरेंत रक्ताचा वेग मंद असतो. म्हणून तेथें तें गोठण्यास वेळ लागत नाहीं. गोठलें म्हणजे ती जागा लाल व ऊन होते, आणि शीर बोटाखालीं दोरीसारखी कठीण लागते. कांहीं आठवड्यांनीं दुखणें शमतें. परंतु मूळ शीर तशीच राहत असल्यामुळें तें पुन्हां उद्भवतें. उघड्या शिरेंतील ही गुठळी खोल शिरेंत वाढत गेली व तिचा तुकडा सुटून फुप्फुसांत अडकला, तर मनुष्य अकस्मात् मरतो. तेव्हां पुनरावृत्ति कशी टाळावी, हा प्रश्न केवळ पायाच्या ठणक्याचा नाहीं. या प्रश्नास दोन परस्परविरुद्ध उत्तरें दीर्घकाळ दिलीं गेलीं : एक, रोग्यास हालूं न देतां निजवून ठेवावें; दुसरें, पाय घट्ट बांधून त्यास चालवावें. यांतील कोणतें उत्तर खरें, आणि तें कोणत्या पुराव्यानें ठरलें, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

३. फुगलेल्या शिरांचा अतिप्राचीन उल्लेख मिसर देशांतील एबर्स पपायरसांत असल्याचें सामान्यतः मानलें जातें. हा लेखपट इ. स. पूर्वीं सुमारें १५५० चा असून जर्मन पंडित गेऑर्ग एबर्स यानें तो १८७३ सालीं मिळविला. तो लाइप्झिग येथील विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांत आहे. सर्पाप्रमाणें वळणें घेतलेल्या सुजेस शस्त्र लावूं नये, अशा अर्थाचें जें वचन त्यांत आहे, तें या व्याधीस लावतात. दुसरा पुरावा लेखी नसून शिल्पाचा आहे. अथेन्स येथील अक्रोपोलिस टेकडीच्या पश्चिम उतारावर आमिनोस नामक आरोग्यदेवतेच्या स्थानीं इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांतील एक शिलापट्ट सांपडला. त्यावर एक पुरुष आपल्याहून मोठा असा मानवी पाय दोन्ही हातांनीं धरून उभा आहे, व त्या पायाच्या आंतील बाजूवर फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. अर्पण करणाराचें नांव लिसिमाखिदीस असें शिलेवर आहे. शिल्पकारानें शिरेचें स्थान इतकें अचूक दाखविलें आहे कीं व्याधीविषयीं शंका राहत नाहीं. ग्रंथांतील शब्दांचा अर्थ लावतांना जी अडचण पडते, ती येथें पडत नाहीं.

४. रोमन इतिहासांत या व्याधीचें प्रसिद्ध उदाहरण सेनापति गायस मारियस याचें आहे. हा इ. स. पूर्वीं ८६ त वारला. याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. त्यानें बांधून न घेतां एका पायावर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि दुसरा पाय मात्र पुढें केला नाहीं, कारण वेदनेच्या मानानें होणारा लाभ त्यास थोडा वाटला. ही हकीकत प्लुटार्कानें लिहिली आहे. परंतु प्लुटार्क मारियसाच्या मागून सुमारें दोन शतकांनीं लिहीत होता. तेवढ्यावर विसंबणें धोक्याचें झालें असतें. सुदैवानें हीच गोष्ट सिसरोच्या लेखनांतही आहे. आणि सिसरो मारियसाच्याच आर्पिनम गांवचा असून त्याच्या बालपणीं मारियस हयात होता. म्हणून ही हकीकत विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं. तत्कालीन शस्त्रक्रियेचें वर्णन केल्सस यानें इ. स. च्या पहिल्या शतकांत दिलें आहे : शीर डागावी किंवा कापून काढावी. केल्ससाचा हा ग्रंथ मध्ययुगांत जवळजवळ विस्मृत झाला होता. १४२६ च्या सुमारास इटलींत त्याच्या हस्तलिखित प्रती पुन्हां हातीं आल्या, आणि १४७८ सालीं तो फ्लॉरेन्स येथें छापला गेला. एका पोथीच्या सांपडण्यानें शस्त्रवैद्यकाचा एक तुटलेला धागा जोडला गेला, हें पोथ्यांच्या संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे.

५. आतां आपल्याकडील ग्रंथांकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथींच्या प्रकरणीं शिराज ग्रंथीचें लक्षण आहे. दुर्बल मनुष्यानें फाजील श्रम केले असतां वायु शिरांच्या जाळ्यास ओढून, पीडून व आखडून उंच व वाटोळी गांठ उत्पन्न करतो. ती दुखणारी व हलणारी असल्यास कष्टसाध्य, आणि न दुखणारी, न हलणारी, मोठी व मर्मस्थानीं झालेली असल्यास असाध्य, असें तेथें म्हटलें आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत उत्तरस्थानांत हेंच प्रकरण येतें; परंतु तेथें दोन गोष्टी अधिक आहेत. पहिली, कारणांत पायीं चालून आलेल्या मनुष्यानें एकाएकीं पाण्यांत बुडी घेणें हें दिलें आहे. दुसरी, वायु रक्तासह शिराजालास दाबतो, आखडतो, वांकडें करतो व वाळवितो, आणि जी गांठ होते ती स्पंदनरहित व वेदनारहित असते, असें लक्षण सांगितलें आहे.

६. या शिराज ग्रंथीचें आधुनिक नांव काय, याविषयीं मतभेद आहेत. रोहिणीच्या भित्तीस येणारा फुगवटा म्हणजे हाच, असें म्हणण्याकडे कांहींचा कल असतो. आमच्या मतें वाग्भटाच्या शब्दांशीं हें जुळत नाहीं. रोहिणीचा फुगवटा हृदयाच्या ठोक्याबरोबर उडतो. तेंच त्याचें मुख्य लक्षण. वाग्भट तर गांठ स्पंदनरहित असल्याचें स्पष्ट सांगतो. उलट, वांकडी होणें, रक्तासह आखडणें व वाळणें हा क्रम फुगलेल्या शिरेंत रक्त गोठून ती कठीण होण्याच्या क्रमाशीं चांगला मिळतो. तथापि येथें थांबलें पाहिजे. सुश्रुत व वाग्भट या दोघांनींही ही गांठ पायावरच होते असें म्हटलेलें नाहीं. चालणाराचा उल्लेख कारणांत आहे, स्थानांत नाहीं. तसेंच गुठळीचा तुकडा फुप्फुसांत जातो, ही कल्पना त्या प्रकरणांत नाहीं. म्हणून आधुनिक ज्ञान सर्व त्या ग्रंथांत होतें असें म्हणणें जितकें अयुक्त, तितकेंच त्यांतील सूक्ष्म निरीक्षणाकडे काणाडोळा करणें अयुक्त होय.

७. उपचाराविषयीं वाग्भटाचें वचन महत्त्वाचें आहे. शिराज ग्रंथि नवी असतांना सहचर तेल प्यावें, वातहर द्रव्यांचा उपनाह म्हणजे लेप बांधावा, बस्ति द्यावा व शिराव्यध करावा, असें तो सांगतो. नवी असतांना, हा शब्द येथें भरीचा नव्हे. उशीर झाल्यास गुण येत नाहीं, हा अनुभव त्यांत आहे. शिवाय सुश्रुतानें सूत्रस्थानांत जळवांचा एक स्वतंत्र अध्याय लिहून त्यांच्या बारा जाति सांगितल्या आहेत. जळवेची कथा पुढें पुन्हां येणार आहे. पाठाविषयीं सांगावयाचें तर सुश्रुतसंहितेची ज्ञात असलेली अतिप्राचीन दिनांकित पोथी काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांत असून ती इ. स. ८७८ ची आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें सुश्रुत डल्हणाच्या टीकेसह व अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह प्रसिद्ध केल्यामुळें आपल्याकडील अभ्यासकांस हे दोन्ही पाठ शेजारीं ठेवून ताडून पाहतां येतात.

८. युरोपांतील मध्ययुगाचा एक पुरावा हस्तलिखिताच्या रूपानें उरला आहे. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या विधवा राणीचा धर्मगुरु गिय्योम द सँ-पातू यानें त्या राजाचे चमत्कार लिहून ठेवले. त्याची एक सचित्र प्रत पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. राउल नांवाच्या तरुणाचा एक पाय १२७१ सालीं पोटरीपासून सुजूं लागला, सूज मांडीकडे चढली, पुढें व्रणें पडलीं, आणि सँ-दनी येथील राजाच्या थडग्याचें दर्शन घेतल्यावर तो बरा झाला, अशी ती हकीकत आहे. खोल शिरेंतील गुठळीची ही आद्य नोंद असावी, असें वैद्यकाचे इतिहासकार मानतात. चमत्कारकथेंतून रोगनिदान काढणें कितपत योग्य, असा प्रश्न येथें कोणीही विचारील. त्यास उत्तर असें कीं, रोगी बरा झाला या विधानांत लेखकाचा हेतु गुंतलेला आहे; परंतु सूज एकाच पायास होती व ती खालून वर चढली, या तपशिलांत त्याचा कांहींच स्वार्थ नाहीं. बखरींतील लढाईचा आंकडा सोडून गांवांचीं नांवें जशीं आपण ग्राह्य धरतों, तसेंच हें समजावें.

९. शिरांतील पडद्यांचें सविस्तर वर्णन पादुआ येथील फाब्रिसियस यानें १६०३ सालीं छापलें. त्याचा शिष्य विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणावरील ग्रंथांत त्या पडद्यांचें खरें कार्य दाखविलें. रक्त एकाच दिशेनें वाहूं देणें हें तें कार्य होय. या ज्ञानाचा उपचारांत उपयोग होण्यास मात्र वेळ लागला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन यानें १६७६ च्या आपल्या ग्रंथांत पायाचे कांहीं व्रण फुगलेल्या शिरांमुळें होतात असें सांगून, त्यांवर नाडीनें आंवळतां येणारा चामड्याचा मोजा वापरण्यास सांगितलें. बांधून हिंडूं देण्याच्या पक्षाचा हा पहिला ठळक पुरस्कर्ता म्हणतां येईल.

१०. याच्या उलट पक्षास बळ मिळालें तें अठराव्या शतकाच्या अखेरीस. जॉन हंटर यानें १७९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत शिरेच्या आंतील अस्तराचा दाह हें मूळ धरलें. दाह म्हटला कीं विश्रांति आलीच. आणि हालचाल केल्यास गुठळी सुटेल ही भीतिही होती. बाळंतिणीचा पाय सुजून पांढरा पडतो, तें अंगावरचें दूध पायांत उतरल्यामुळें, अशी समजूत तोंपर्यंत प्रचलित होती; मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट यानें १७८४ सालीं तिचें खंडन केलें. पुढें रुडोल्फ फिर्खो यानें १८४६ पासून दाखवून दिलें कीं, फुप्फुसांत सांपडणारी गुठळी बहुधा तेथें जन्मत नाहीं. ती पायाच्या शिरांतून वाहत येते. त्याचे निबंध १८५६ सालीं एकत्र छापले गेले. रक्ताचा वेग मंदावणें, शिरेची भित्ति दुखावणें आणि रक्ताच्या गुणांत फरक पडणें, या तीन कारणांस वैद्यक ग्रंथांत फिर्खोची त्रयी म्हणतात. परंतु हें नांव त्यानें स्वतः दिलेलें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९०२ नंतर, बऱ्याच काळानें तें रूढ झालें. थोरांच्या नांवावर मागाहून वचनें चढविण्याची रीति केवळ आपल्याच संतवाङ्मयांत आहे असें नाहीं.

११. वेग मंदावणें हें गुठळीचें एक कारण, हें कळल्यावरही रोग्यास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची पद्धति चालूच राहिली. तिच्याविरुद्ध पहिलीं पावलें थोड्या वैद्यांनीं टाकलीं. पाउल उन्ना यानें १८८५ च्या सुमारास जस्ताच्या लेपाची पट्टी प्रचारांत आणली. हाइनरिख फिशर यानें १९१० सालीं तीच पट्टी शिरेच्या दाहावर बांधून रोग्यांस चालावयास लावलें. निश्चल राहण्याचा धोका सर्वांच्या डोळ्यांसमोर आला तो मात्र युद्धामुळें. १९४० सालीं लंडनवर बाँबवर्षाव होत असतां लोक रात्रभर आश्रयस्थानांत कापडी खुर्च्यांवर बसून राहत. त्यांपैकीं कांहीं फुप्फुसांत गुठळी अडकून एकाएकीं मरण पावले. कीथ सिम्प्सन यानें त्याच वर्षीं त्या मृत्यूंची चिकित्सा प्रसिद्ध केली. बाँब ज्यांस लागला नाहीं ते बसून राहिल्यानें मेले. स्तब्धतेच्या पक्षाचा याहून मोठा पराभव दुसरा नाहीं.

१२. शस्त्रवैद्यांनीं मूळ शीरच निकामी करण्याचा मार्ग धरला. फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबर्ग यानें १८९०–९१ सालीं मांडींतील मोठी उघडी शीर बांधण्याची रीति प्रसिद्ध केली. १९०५ ते १९०७ या काळांत केलर, मेयो व बॅबकॉक या अमेरिकन वैद्यांनीं ती शीर ओढून काढण्याचीं साधनें बनविलीं. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तीच शीर आंतून उष्णतेनें बंद करण्याच्या पद्धति रूढ झाल्या. मोज्याचीही सुधारणा झाली. १८४८ सालीं इंग्लंडांत विल्यम ब्राउन यानें रबरी धाग्याच्या मोज्याचें एकस्व घेतलें. आणि अमेरिकेंतील यंत्रज्ञ कॉनरॅड जोब्स्ट, ज्यास स्वतःस शिरांचा विकार होता, त्यास तलावांत उभें राहिल्यावर आराम पडतो असें आढळलें. पाण्याचा दाब घोट्याशीं सर्वांत अधिक व वर कमी कमी असतो. त्याच प्रमाणांत दाब देणारा मोजा त्यानें १९५० च्या सुमारास तयार केला.

१३. औषधांचा इतिहास याहून विलक्षण आहे. जळवेनें सोडलेली जखम वाहत राहते, हें आपल्या वैद्यांस ठाऊक होतें. जळवेच्या तोंडांत रक्त न गोठूं देणारें द्रव्य आहे, हें जॉन हेक्राफ्ट यानें १८८४ सालीं दाखविलें. १९१६ सालीं बॉल्टिमोर येथें जे मॅक्लीन या विद्यार्थ्यास यकृताच्या अर्कांत तशाच गुणाचें द्रव्य आढळलें. त्यावरून पुढें हेपारिन निघालें. १९३३ च्या हिंवाळ्यांत विस्कॉन्सिन प्रांतांतील एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचें भांडें व कुजलेला गोड क्लोव्हर चारा घेऊन कार्ल लिंक या रसायनज्ञाकडे आला. त्या चाऱ्यांतील द्रव्य लिंकच्या प्रयोगशाळेंत १९३९ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळालें. त्याच वर्गांतील वॉर्फरिन १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून विकूं लागले, आणि १९५४ पासून तेंच मनुष्यास औषध म्हणून देण्यांत आलें.

१४. तथापि औषधाची खरी परीक्षा तुलनेनें होते. ब्रिस्टल येथील बॅरिट व जॉर्डन यांनीं १९६० सालीं फुप्फुसांतील गुठळीच्या ३५ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. औषध न दिलेल्या १९ पैकीं ५ त्या रोगानें मेले. दिलेल्या १६ पैकीं त्या रोगानें एकही मेला नाहीं. उघड्या शिरांतील गुठळी मात्र किरकोळ समजून बाजूस राहिली. २०१० सालीं फ्रान्समध्यें ८४४ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींत सुमारें एकचतुर्थांश रोग्यांस तपासणीच्या वेळींच खोल शिरेंत किंवा फुप्फुसांत गुठळी होती. त्याच वर्षीं सुमारें ३००० रोग्यांवरील दुसरी परीक्षा प्रसिद्ध झाली. तींत निदान ५ सेंटिमीटर लांबीची गुठळी असलेल्यांस फोंडापारिनक्स हें औषध ४५ दिवस दिलें. मृत्यु, प्रसार व पुनरावृत्ति मिळून हानि औषध घेणारांत ०.९ टक्के व न घेणारांत ५.९ टक्के आढळली. किरकोळ ही संज्ञा त्या दिवसापासून टिकली नाहीं.

१५. या सर्वांवरून निष्पन्न होतें तें असें. पुनरावृत्ति टाळण्यास एकच उपाय पुरत नाहीं. गुठळी ताजी असतांना तिची लांबी व खोल शिरेपासूनचें अंतर तपासून, वैद्याच्या सल्ल्यानें औषध. दाह शमल्यावर मूळ शीर बंद करणें. रोजचें चालणें, आणि एकाच जागीं दीर्घकाळ न बसणें. पायाच्या रोहिण्या निरोगी असल्यास दाबाचा मोजा. मोज्यानें ठणका व सूज कमी होते. केवळ त्याच्यावर भिस्त ठेवूं नये. एकाएकीं धाप लागल्यास किंवा छातींत कळ आल्यास विलंब घातक आहे. आणखी एक गोष्ट : शिरा फुगलेल्या नसतां गुठळ्या जागा बदलून पुनःपुन्हां होऊं लागल्या, तर मूळ अन्यत्र शोधलें पाहिजे. पॅरिसच्या आर्मां ट्रूसो यानें १८६५ सालीं अशा गुठळ्यांचा गुप्त कर्करोगाशीं संबंध व्याख्यानांत सांगितला. पुढें तेंच लक्षण त्यास स्वतःच्या अंगावर दिसलें, त्यानें आपलें भविष्य ओळखलें, आणि १८६७ सालीं तो जठराच्या कर्करोगानें वारला.

१६. या इतिहासांतून संशोधकांनीं घ्यावयाचें तें हें कीं, बांधावें व चालवावें हा योग्य मार्ग १६७६ च्या ग्रंथांत अर्धा दिसत असतां तो सर्वमान्य होण्यास अडीच शतकांहून अधिक काळ लागला. मध्यंतरीं जे निजून राहिले त्यांतील किती गेले याची गणती नाहीं. जुन्या लेखांतील निरीक्षण व त्यावर चढविलेलें मत यांची फारकत न केल्यानें असें होतें. वैद्यक बाडांत दोन्ही असतात. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील, त्यांनीं निदान एवढें करावें : पुस्तीचा काळ व लेखकाचें नांव असल्यास टिपून ठेवावें, रोगाचें स्थान, कारण व गुण येण्यास लागलेले दिवस यांचीं वाक्यें जशींच्या तशीं उतरावीं, समासांतील वेगळ्या हातच्या टिपा मूळ मजकुरांत मिसळूं देऊं नयेत, आणि आपल्यास ठाऊक असलेल्या आधुनिक रोगाचें नांव मूळ शब्दाच्या जागीं कदापि घालूं नये. अर्थ लावणारा पुढें कोणीतरी येईल. पाठ शुद्ध राखणें एवढें आपल्या हातीं आहे.